भिकुबाईंकडे जाणे-येणे सुरू ठेवण्याबाबत

दि. १८ ऑगस्ट २०२५

प्रति,
मा. अध्यक्ष,
संशोधन नीतिमत्ता समिती,
जळगाव.

विषय : मुलाखती वगळण्यास संमती, संपर्कबंदी मात्र रद्द होणेबाबत.
संदर्भ : समितीचे गेल्या महिन्यातील पत्र.

महोदय,

१. मी 'अपत्यवियोगानंतर कुटुंबास मिळणारा आधार' या विषयावर पीएच.डी. करीत आहे. एरंडोलजवळच्या भिकुबाई माझ्या अभ्यासात आहेत. नाव त्यांच्याच संमतीने लिहीत आहे. मुलगा ज्ञानेश्वर विजेच्या धक्क्याने गेल्यापासून त्या एकट्या राहतात.

२. फेब्रुवारीत धुळ्यास माझी आई वारली. मी एकुलती, वडील आधीच गेलेले. गंधमुक्तीचा शेवटचा विधी आटोपून नातेवाईक आपापल्या गावी परतले व मी जळगावच्या खोलीवर आले. माझ्या प्रश्नावलीत एक प्रश्न आहे : 'सगळे परत गेल्यावर तुमच्याकडे कोण आले?' तो मला कोणी विचारला असता, तर उत्तराची जागा कोरी राहिली असती.

३. ठरलेल्या मुलाखतीस मी गेले नाही, म्हणून भिकुबाईंनी फोन केला. आई गेली, एवढे सांगून मी फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी त्या एस.टी.ने जळगावला आल्या. कळण्याची भाकरी आणली होती. काहीही न विचारता त्यांनी माझे केस विंचरायला घेतले. म्हणाल्या, "रडनं व्हई ते रड, माय. मी आठेच शे." म्हणजे, मी इथेच आहे. आई गेल्यानंतर मी प्रथमच रडले.

४. ही भेट मी स्वतःच क्षेत्रनोंदीत लिहिली. त्यावरून, संबंध तटस्थ राहिला नाही म्हणून त्यांच्या मुलाखती वगळाव्यात व संपर्क थांबवावा, असे समितीने कळविले. पहिला निर्णय मला मान्य आहे. प्रबंधाचे सर्वांत भक्कम प्रकरण त्यामुळे जाईल व पदवी लांबेल, असे मार्गदर्शक म्हणतात. ते जाऊ द्यावे.

५. दुसरा निर्णय मात्र माझ्याने पाळवत नाही. आपला आदेश सांगण्यासाठीच मी त्यांना फोन केला होता. त्यांच्या मुलाखती आता प्रबंधात नसतील, एवढेच सांगून झाले. त्यांनी विचारले, "म्हंजे, तुनं काम सरनं का?" मी हो म्हटले.

"मंग आते मोकळी येशी ना, माय?"

त्यालाही मी हो म्हटले आहे. तरी संशोधक म्हणून नव्हे, तर नुसती हेमांगी म्हणून मला त्यांच्याकडे जाऊ द्यावे, ही विनंती.

आपली नम्र,
हेमांगी प्रेमराज भदाणे
संशोधक विद्यार्थिनी

सोबत : भिकुबाईंच्या मुलाखतींची सर्व ध्वनिमुद्रणे, समितीकडे जमा करण्यासाठी.