पाच मागे, एक पुढे

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ७.
आजपासून रोजनिशी. वही टूलबॉक्समध्ये ठेवणार. तिथं ही कधी हात घालत नाही.

चार वर्षांनी लेक घरी येतेय. काल ठमीचा फोन आला. २१ तारीख, दुपारी ४.४० ची ट्रेन. म्हणाली, बाबा, आपल्याच गाडीतून घ्यायला या आणि एकटेच या. तुमच्याशी बोलायचंय, ते गाडीतच. घरी आई आधी रडते आणि मग ऐकते.

हे लहानपणापासूनचं. गणितात नापास झाली ते गाडीत सांगितलं. परदेशी नोकरी घेतली तेही गाडीत. पद्धत ठरलेली आहे: मी समोर रस्ता बघायचा, तिनं खिडकीबाहेर. तोंडाकडे बघायचं नाही, की मग सगळं बाहेर पडतं.

विचारत होती, गाडी चालू आहे ना? म्हटलं, एकदम मख्खन.

गाडी दोन वर्षं शेडमध्ये बंद आहे. इंजिन जाम. पण फोनवर सांगण्यासारखी ती गोष्ट नव्हती.

अठरा दिवस आहेत. इंजिन बदलायला चार पुरे. उरलेल्या चौदात गाडीला रंग मारीन.

५ फेब्रुवारी, बुधवार.
भंगारवाल्याकडे. बरोबर आमचा मेस्त्री. माझ्या पंपदुरुस्तीच्या शेडमध्ये एकवीस वर्षं आहे. हात चांगला, पण कान नाही.

तीन इंजिनं ओळीनं लाकडी घोड्यांवर. भंगारवाल्याला सांगितलं, एकेक चालू कर. कुठलं ते बोलू नकोस, मला बघायचंही नाही. लोक डोळ्यांनी इंजिन घेतात आणि फसतात. एक पाना घेऊन धंदा सुरू केला तेव्हापासून मी कानानं घेतो. मोटार नुसती ऐकून बेअरिंग कुठलं गेलंय ते सांगतो.

डोळे मिटले. एक खोकत होतं. एकाला धाप. आणि एक... मधात बुडवून काढल्यासारखं. हेच! म्हणून डोळे न उघडताच बोट रोखलं. भंगारवाला म्हणाला, नक्की ना शेठ? मला नक्की ना विचारलेलं आवडत नाही.

मेस्त्री बराच वेळ काहीतरी सांगत होता, पण तो माझ्या डावीकडे होता आणि गलका फार. टेम्पोत बसल्यावर उजव्या बाजूला येऊन म्हणाला, मालक, हे आपल्या गाडीचं इंजिन नाही. मी म्हटलं, मग कोणाचं? पैसे मी दिलेत.

हल्ली माणसं पुटपुटतात, हे खरं. हीसुद्धा. जेवताना माझ्या डाव्या हाताला बसते आणि स्वतःशी बोलल्यासारखं बोलते. इंजिन तसं करत नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार.
जुनं इंजिन उतरवलं. नवं चेनपुलीला लटकवून आत सोडलं. ज्या रबरी पायांवर ते बसायचं, ते पाय आणि इंजिनचे कान चार बोटं लांब. मेस्त्री म्हणाला, मालक, ही सोयरीक काही जमत नाही. मी म्हटलं, आपण जमवू. कंपनीवाले मुद्दाम मापं बदलतात.

नवे ब्रॅकेट कापून वेल्डिंग केलं. संकल्प: दर दोन तासांनी चिडायचं, मध्ये नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार.
इंजिन आणि गिअरबॉक्स जोडायची आठ भोकं. जुळली दोन.

मधे बसवायला जाड प्लेट करून घ्यायला शेजारच्या लेथवाल्याकडे गेलो. त्यानं दोन्हीकडची मापं घेतली, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाला, काका, सहा भोकं नाही म्हणतायत. एकदा ऐकून तर घ्या त्यांचं. मी म्हटलं, दोन हो म्हणतायत ना? आमच्या लग्नात एवढेही होकार नव्हते.

रंगाचा बेत रद्द. धुऊन घेऊ.

१३ फेब्रुवारी, गुरुवार. दुपार.
क्लच प्लेट इंजिनची घेतली तर गिअरबॉक्सच्या दांड्यावर जात नाही. गिअरबॉक्सची घेतली तर इंजिनवर बसत नाही. दोन्ही कापून, मधला भाग इकडचा आणि कड तिकडची, अशी एक केली. मेस्त्रीनं हात जोडले. कौतुकानं असावेत.

मेहुणा टपकला. दोन्ही हात खिशात घालून गाडीभोवती फेरी मारली. म्हणाला, दाजी, इंजिन गाडीत बसवताय की गाडी इंजिनावर? म्हणाला, आमचे कानसेन! मी त्याला चहा विचारला नाही. हिनं तीनदा विचारला.

१५ फेब्रुवारी, शनिवार.
रेडिएटरचा पाइप बारीक, इंजिनचं तोंड मोठं. पंपाचा होज कापून बसवला. सायलेन्सर उजवीकडे हवा, इंजिन धूर डावीकडे सोडतं. वाकवला. वायरिंगच्या एका कनेक्टरला बावीस पिना, दुसऱ्याला सव्वीस. चार वायरी कशाच्या ते मेस्त्रीला माहीत नाही. मला अंदाज आहे.

ही म्हणाली, अहो, टॅक्सी करा. ठमीला तुम्ही हवे आहात, बॉनेट नको. हिला समजावणं कठीण. टॅक्सीत ठमी बोलणार कशी? ड्रायव्हर ऐकतो. मग ते राहून जाईल. ती पंधरा दिवसांनी परत जाईल आणि काय सांगायचं होतं ते मला फोनवर कधीच कळणार नाही.

काय असेल? बहुतेक सल्ला हवा असेल. माझा सल्ला ती नेहमी मानते. फक्त उशिरा.

जाता जाता: हिनं कानाच्या डॉक्टरची वेळ घेतलीय. कोणासाठी, कोण जाणे. टीव्ही तर इतका हळू लावते की मला काही कळत नाही.

१९ फेब्रुवारी, बुधवार. सकाळी ११.
चालू झालं! पहिल्याच किल्लीला! तोच आवाज. नाही म्हणायला थोडा वेगळा. खोकल्याची थोडी झाक. पण मधच. मेस्त्रीच्या पाठीत थाप मारली. पहिला गिअर टाकला, क्लच सोडला. गाडी मागे गेली.

चुकून रिव्हर्स पडला असेल. पुन्हा पहिला. पुन्हा मागे. दुसरा टाकला. जास्त वेगानं मागे. पाण्याचं पिंप चपटं झालं.

दुपारी ३.
लेथवाला आला. इंजिन चालू ठेवून पुलीकडे बघत उभा राहिला. मग म्हणाला, काका, हे उलटं फिरतं. त्या कंपनीची इंजिनं तशीच फिरतात, त्यांच्या गाडीत ते बरोबर. तुमच्या गिअरबॉक्सला जोडल्यावर आता तुम्हाला पाच गिअर मागे जायला आणि एक पुढे.

भंगारवाल्याला फोन. झापला. तो शांत. म्हणाला, शेठ, चालू होतं ते तुमच्या डावीकडचं, तुमच्याच गाडीचं. तुम्ही बोट केलं उजवीकडं. मी विचारलं, नक्की ना? तुमच्या मेस्त्रीनं तर बाही ओढली. मला वाटलं, शेठच्या कानाला जास्त कळतं.

धादांत खोटं. आवाज कुठून येतो ते मला कळत नाही?

२० फेब्रुवारी, गुरुवार.
डावीकडचं इंजिन परवाच विकलं गेलं. गिअरबॉक्स उलटा बसेल का? मेस्त्री म्हणाला, बसेल, मग आपणही उलटे बसू. दुसरा गिअरबॉक्स मिळवायला महिना लागेल म्हणतो. उद्या चार चाळीस.

ठमीला खरं सांगून टाकावं म्हणून फोन लावला. दोन रिंग वाजल्या, कट केला. मख्खन म्हणालो होतो.

गाडीखाली सरकून बराच वेळ पडून राहिलो. काम काही नव्हतं. मेस्त्रीनं वाकून बघितलं आणि माझ्या डोक्याखाली पोतं सरकवलं. रडलो वगैरे नाही. डोळ्यात ग्रीस गेलं.

दुपारी ४.
गाडी पुढे जातच नाही असं कुठे आहे? रिव्हर्समध्ये पुढे जाते. स्टेशन तीन किलोमीटर. एक गिअर पुरे.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार. संध्याकाळी ६.३०.
यशस्वी!

साडेतीनला निघालो. वेग ताशी तीन. मागे रांग लागली. हॉर्न फारसे ऐकू आले नाहीत, लोक सुधारलेत. काठी टेकत चाललेले एक आजोबा पुढे निघून गेले. जाताना त्यांनी बॉनेटवर हात ठेवला, आजाऱ्याच्या कपाळावर ठेवतात तसा.

ठमी वाळलीय. गाडी बघून हसली, मग डोळे पुसले. डावीकडे बसली. निघालो. मी रस्ता बघत होतो, ती खिडकीबाहेर. वाट पाहिली. काही बोलली नाही. थकली असेल. मी आपला इंजिनकडे कान देऊन. वळणावर आतून टॅपेटची ठक् ठक् आली, मी मान हलवली: नाही, हे काही बरोबर नाही. बाकी प्रवास सुखाचा.

बोलायचं राहिलंच. घाई नाही. उद्या चक्कर मारू.

२२ फेब्रुवारी, शनिवार. सकाळी ९.
इंजिन आता चालू होत नाही. ठक् ठक् त्याचीच होती.

ठमीचे डोळे सुजलेले. माझ्याशी बोलत नाही. हीसुद्धा नाही. शेवटी ही स्वयंपाकघरातून बाहेर आली, समोर उभी राहिली आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाली: पोरगी काल सगळा रस्ता बोलत होती. नोकरी सोडलीय. तिकडचं घर सोडलंय. एकटी फार थकलीय. तीनदा विचारलं तिनं तुम्हाला, बाबा, मी इथंच राहिले तर चालेल का? तिसऱ्यांदा तुम्ही मान हलवलीत. नाही म्हणून.

मी म्हटलं, ती टॅपेटला.

ही म्हणाली, काय?

मी म्हटलं, मला ऐकूच आलं नाही.

वाक्य तोंडातून गेलं. आता परत घेता येत नाही. ही तर रडायलाच लागली. नेहमीप्रमाणे आधी.

२३ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ८.
ठमीला शेडमध्ये नेलं. म्हटलं, गाडीत बस. ती सवयीनं डावीकडे जायला लागली. म्हटलं, नाही, तू स्टिअरिंगवर. मी डावीकडे बसलो. उजवा कान तिच्याकडे. दोघंही समोर चपट्या पिंपाकडे बघत होतो.

गाडी जागची हलली नाही. सगळं ऐकलं. मध्ये एकदाच म्हटलं, पुन्हा सांग. तिनं पुन्हा सांगितलं. मग मी तोंड उघडून, मोठ्यानं, मान न हलवता सांगितलं: राहा.

मग तिनं नाक पुसलं, गिअर उगाच मागेपुढे केला आणि विचारलं, बाबा, हे इंजिन निवडलं कोणी?

म्हटलं, मेस्त्रीनं.

उद्या साडेदहाला कानाचे डॉक्टर. जातोय, पण फक्त या दोघींच्या समाधानासाठी.