माझं माप, त्यांचं माप

सोमवार, १२ जानेवारी २००४

आरशासमोर उभी राहिले आणि संताप आला! पोट कालच्यापेक्षा पुढे. दंड तर पैलवानाचे. आणि कंपनीत साधना म्हणते, "म्हाळू, नुसती काडी झालीस गं!" खोटारडी! मी किती जाड आहे ते तिला पक्कं ठाऊक आहे. स्वतः बारीक राहायचं आणि दुसरीला गोड बोलून फुगवायचं.

सणसवाडीच्या कंपनीत मी दिवसभर मापंच घेते — मशिनच्या पिना तपासायच्या, केसाएवढा फरक असला तरी माल बाजूला. म्हणजे मापाची मला अक्कल आहे. आज डब्याच्या सुट्टीत टेप दंडाला लावली. आकडा एखाद्या शाळकरी पोरीचा! टेप ताणलेली असणार. दुसरी मागून आणली. तीही तसंच सांगते. दोन्ही एकाच दुकानातल्या, काय सांगावं.

बुधवार, १४ जानेवारी

आई भाकरीच्या पिठात शेंगदाण्याचं कूट मळते — गुपचूप! आज दाताखाली कण आला आणि पकडलं. आई म्हणाली, "डोळं खोल गेल्यात तुझं. म्या काय इष घालतीय व्हय?"

यामागं मुक्तामावशी आहे. तिनं दौंडचं स्थळ आणलंय, मुलगा रेल्वेत. त्यांना म्हणे अंगानं भरलेली मुलगी पाहिजे. म्हणून हे कूट! भाकरी कुत्र्याला घातली.

शनिवार, १७ जानेवारी

मावशीचा फोन. मी आत गेले तशी आई एकदम हळू बोलायला लागली.

गुरुवार, २२ जानेवारी

काल मशिनसमोर पडले. उठले तेव्हा आमचे सुपरवायझर सोपानराव साहेब माझ्या तोंडावर पाणी मारत होते. त्यांनीच गाडी करून शिरूरला डॉक्टरबाईंकडे पाठवलं.

काट्यावर उभं केलं. आकडा इथं लिहीत नाही, खोटा आहे. "काटा शेवटचा कधी तपासला?" विचारलं, तर बाईंनी माझं मनगट धरून नाडी मोजली. मग म्हणाल्या, "ठोके फार मंद पडलेत. तीन आठवड्यांत वजन वाढलं नाही तर पुण्याला ॲडमिट व्हावं लागेल. जिवाशी खेळ आहे हा. तोवर कामावर जायचं नाही."

कामावर नाही! मार्चमध्ये माझी पर्मनंटची ऑर्डर निघायची आहे. कुणाच्या सोयीचं आहे हे? नोकरी गेली की दौंडला पाठवायला मोकळे सगळे.

शुक्रवार, ३० जानेवारी

डॉक्टरबाईंनी आज औषध काढलं नाही, सुतळी काढली. "तुझी कंबर केवढी आहे असं तुला वाटतं? तेवढं गोल कर जमिनीवर." केलं. खरं तर लाजेखातर थोडं लहानच केलं. बाईंनी त्याला गाठ मारली आणि माझ्या डोक्यावरून खाली घातलं.

सुतळी लोंबत राहिली. बाईंनी आईला खुणावलं. आई वाकून आत शिरली, माझ्या पाठीशी उभी राहिली. आम्ही दोघी मावलो! आईचा श्वास मानेला लागत होता. ती रडत होती. मी नाही.

बाहेर एसटीत बसल्यावर डोक्यात आलं — गाठ मारताना बाई पाठमोऱ्या झाल्या होत्या. सुतळी बदलली असणार.

रविवार, १ फेब्रुवारी

खोलीला कडी लावून घरच्या सुतळीनं करून पाहिलं. गाठ मीच मारली. तरी तेच. दोनदा तेच.

मग आरसा बघितला. आरशात मी आहे तेवढीच आहे, ही एवढी! दोन्ही खरं कसं असेल? फार भीती वाटली.

मंगळवार, ३ फेब्रुवारी

मेंढरं घ्यायला एक गिऱ्हाईक आलं होतं. आता आमची चौदाच उरलीत, बाकी सगळी शेती. आबांना आज एक विकायचंच होतं. गिऱ्हाईकानं बोट दाखवलं, "ह्ये चांगलं गुबगुबीत हाय." आबांनी त्याचा हात धरून मेंढराच्या पाठीवर ठेवला. "लोकर बघून बोलू नका, पाव्हणं. डोळा फसतो. कण्यावरनं हात फिरवा, मंग कळंल. ह्ये आजारातनं उठलंय." गिऱ्हाईक निघून गेलं. स्वतःचं नुकसान करून खरं बोलणारा माणूस — आमचे आबा!

मी तिथंच पायरीवर बसले होते. तोंडातून निघून गेलं, "आबा, माझ्या पाठीवर फिरवा की हात."

आबांनी मेंढरू सोडलं. मग मागे येऊन बसले. मानेपासून हात खाली आणला, एकेका मणक्यावर थांबत थांबत. अर्ध्यात आला आणि त्यांनी तो काढून घेतला.

"आसलं मेंढरू म्या बाजारात न्हेलं नसतं, पोरी," म्हणाले. "घरात ठिवलं आसतं. मांडीव घिऊन चारलं आसतं." आणि उठून वाघरीकडं, मेंढरांच्या जाळीकडं गेले, तोंड फिरवून.

आबांचा काय डाव असेल, यावर संध्याकाळपर्यंत विचार केला. साधना, आई, मावशी, डॉक्टरबाई, सगळ्यांवर संशय घेता आला. आबांवर काही केल्या घेता येईना.

बुधवार, ४ फेब्रुवारी

आईला म्हटलं, तूच वाढ. किती, ते मला विचारू नको.

तिनं अर्धी भाकरी आणि वाटीभर कालवण वाढलं. मला ते चार माणसांचं दिसलं. खाल्लं.