तुझ्या नावाचं खातं

लौटोका

प्रिय पेनी,

हे पत्र तुझ्या वॉर्डातल्या ब्रॉनविन सिस्टरच्या पत्त्यावर पाठवतेय. तू ऐकायला तयार झालास तर त्या वाचून दाखवतील. आई बरी आहे. गुडघे कुरकुरतात, तरी कसाव्याचे कंद स्वतःच सोलते. संध्याकाळी मला मोबाइल घेऊन शेजारी बसवते आणि तुम्हा दोघांच्या त्या खेळातल्या शेताला पाणी घालायला लावते. पेनीची रताळी सुकतील, म्हणते. तू ब्रिस्बेनला गेल्यापासून तिच्यासाठी तो खेळ म्हणजेच तू. ती सांगायची, मी टाइप करायचे आणि तू चॅटमधून तिला चिडवायचास.

त्याच खेळाच्या कंपनीत तू चॅटमधल्या भामट्यांवर नजर ठेवायच्या कामाला लागलास, तेव्हा आईनं चर्चमध्ये सगळ्यांना सांगितलं. पुढे टोरिका मावशीला कुणीतरी तिच्या मुलाच्या नावानं लिहिलं, मी इस्पितळात आहे, फोन फुटलाय. बिचारी पैसे पाठवत राहिली आणि सगळं गमावून बसली. ते कळल्यावर तू किती तळमळला होतास. आपण तिघांनी एक खुणेचा शब्द ठरवला आणि तू मला बजावलंस, "माझ्या नावानं नव्या खात्यावरून कुणी रडत आलं, तर आधी शब्द विचार. सांगता आला नाही, की तक्रारीचं बटण दाब. दया दाखवू नकोस, लुसी. दयेवरच त्यांचं पोट चालतं." कंपनीतही तू तसाच नियम करून घेतलास. घरच्यांची तक्रार आली, की तोतयाचं खातं लगेच बंद.

म्हणून त्या दुपारी खेळाच्या चॅटमध्ये नव्या खात्यावर तुझं नाव दिसलं, तेव्हा मी सावध झाले. इस्पितळात आहे, फोन फुटलाय, मोबाइल आईला दे. मावशीला आलं होतं अगदी तसंच. मी शब्द विचारला. उत्तर आलं, "आठवत नाही. डोकं फार दुखतंय. आईला दे ना." आई समोरच बसली होती. मी तिला काही बोलले नाही. या चोरानं आईचं नाव काढावं, याचाच मला संताप आला. "लाज नाही वाटत?" एवढं लिहून मी बटण दाबलं. कंपनीकडून आभाराचा निरोपही आला. तुझ्याच शेजारी बसणाऱ्या कुणीतरी पाठवला असेल. मी समाधानानं भांडी घासायला गेले.

तू कामात असशील, असं आम्ही धरून चाललो होतो. ट्रकनं तुला उडवल्याचं पोलिसांकडून कळेपर्यंत आठवडा उलटला. बाकीचं ब्रॉनविन सिस्टरनी फोनवर सांगितलं. पाय कापायला नेण्याआधी तू त्यांचा टॅबलेट मागून घेतलास. आम्हाला गाठायचं तेवढं एकच ठिकाण तुला आठवत होतं. खातं बंद झाल्यावर तू टॅबलेट परत दिलास, ऑपरेशनच्या कागदावर सही केलीस आणि नातेवाइकांच्या रकान्यात 'कोणी नाही' असं लिहायला लावलंस.

आईला मी फक्त अपघाताचं सांगितलंय. तू तिच्याशी का बोलत नाहीस, हे ती रोज मला विचारते. मी रोज काहीतरी नवं कारण देते.

शुक्रवारी मी तिथे पोचतेय. पेशंट ओळख देईल त्यालाच वॉर्डात सोडतात, असं सिस्टर म्हणाल्या. म्हणजे त्या तुझ्यापाशी येऊन विचारतील, बाहेर बसलीय ती तुझी बहीण आहे का. माझ्याकडे पासपोर्ट आहे, पण तिथे तो चालत नाही. हो म्हण, एवढंच सांगायला हे पत्र लिहिलं. नाही म्हणालास तर मी वाद घालणार नाही. बाहेरच्या बाकावर बसून राहीन आणि दुसऱ्या दिवशी त्यांना पुन्हा विचारायला लावीन.

तुझीच,
लुसी