शेपटीकडून मोजलेला रेणू

३ जून

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

कायम होण्याची मुलाखत पुढच्या महिन्यात आहे, त्यामुळे आमच्या विभागप्रमुखांच्या अंगात आलं आहे. त्यांना आम्ही गोलचंबू म्हणतो. चंबू म्हणजे पोट फुगलेली, मानेत अरुंद अशी काचेची बाटली. त्यांना पाहिलंस तर जास्त सांगावं लागणार नाही.

माझं काम तुला ठाऊक आहे. रेणूतला कोणता कार्बन दुसऱ्याला धरायला किती उतावळा आहे, ते प्रयोगाआधी गणिताने काढायचं. गोलचंबूंनी उमेदीची सगळी वर्षं एकाच रेणूवर प्रयोग करण्यात घालवली आणि छापलं की त्यातला चौथा कार्बन धरतो. माझं गणित म्हणतं, सातवा. परवा बोलावून, बसा न म्हणता, सातव्याचा आकडा जरा खाली उतरवायला सांगितलं. तेवढं केलं की मी कायम. भाजीवालासुद्धा काटा मारताना निदान नजर चुकवतो.

कायम झाले की इथे राहायला तळमजल्यावरचं घर मिळतं, हे आईला आत्ताच सांगू नकोस. तिचे गुडघे कसे आहेत?

चिडलास तरी लोभ आटू देऊ नकोस.
तुझी,
पेन्सिल

११ जून

चि. पेन्सिलीस,
अ. उ. आ.

सांगू नकोस म्हणालीस, पण तुझ्या वहिनीने पत्र मोठ्याने वाचलं. आई कालपासून सामान बांधायच्या गोष्टी करते आहे. आमच्या तिसऱ्या मजल्यावरून ती हल्ली फक्त दवाखान्यासाठी उतरते, तेही मला धरून.

तुझ्या शास्त्राबद्दलचं माझं मत तुला माहीत आहे. इतकी वर्षं रसायनशास्त्र केलंस, पण हाताला एक डाग नाही. वहिनी म्हणते, निदान डाग काढायला तरी शिकली असती. जो रेणू कुणी डोळ्यांनी पाहिला नाही, त्याच्या सातव्या कार्बनच्या अब्रूसाठी तू आईला जिन्यात अडकवून ठेवणार? आकडा उतरव आणि मोकळी हो. गोलचंबू निवृत्त झाले की पुन्हा चढव.

आशीर्वाद माझे, अक्कल तुझी तू बघ.
दादा

९ जुलै

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

आकडा उतरवला नाही. आधी शिव्या घाल, मग पुढे वाच.

मुलाखतीत गोलचंबू कपाटातला लाकडी मण्यांचा रेणू घेऊन आले. मण्यांवर त्यांच्याच अक्षरातल्या आकड्यांच्या चिठ्ठ्या. तो समितीपुढे नाचवत त्यांनी मला विचारलं की, सातवा धरतो हे कोणत्या तोंडाने म्हणता. मी चिठ्ठ्या बघितल्या आणि गारच पडले. या रेणूचे कार्बन नायट्रोजनच्या बाजूने मोजायचे, हे आम्ही पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवतो. साहेबांनी शेपटीकडून मोजले होते! छापलेल्या चित्रात आकडेच नव्हते, म्हणून कुणाला कळलं नाही. कार्बन एकूण दहा, म्हणजे त्यांचा चौथा तोच माझा सातवा. मी मण्यावर बोट ठेवून म्हटलं की, आपण दोघंही याच्याबद्दलच बोलतोय. समितीवर बाहेरून आलेल्या बाईंनी खोकल्याच्या निमित्ताने हसून घेतलं.

गोलचंबू लाल झाले. मग म्हणाले की, गणित प्रयोगाशी जुळतंच, तर त्यात नवीन ते काय, आणि असल्या कामाची विभागाला गरज काय. जुळत नव्हतं तेव्हा मी चूक, जुळलं तेव्हा मी फालतू. बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी आणखी एक वर्ष हंगामी, आणि तळमजला गेला.

त्या माणसावर मला शिवीसुद्धा वाया घालवायची नाही. रडू येतंय ते आईसाठी. तिला तोंड कसं दाखवू?

असेल तेवढा लोभ ठेव.
पेन्सिल

१६ जुलै

चि. पेन्सिलीस,
अ. उ. आ.

शिव्या लिहायलाच बसलो होतो. आईने शेपटीचा मजकूर पुन्हा वाचायला लावला आणि इतकी हसली की वहिनीला पाणी आणावं लागलं. मी म्हटलं, आकडा उतरवला असता तर काय बिघडलं असतं? तिने मला लहानपणी बघायची तसं बघितलं. म्हणाली की, मग त्या बाटलीची चूक आपल्या पोरीच्या नावावर लागली असती. गोलचंबूंना माझ्यातर्फे हवं ते म्हण.

आज सकाळी आई कठडा धरून एकटीच खाली गेली आणि एकटीच वर आली. घामाघूम होऊन खुर्चीत बसली आहे आणि मला लिहायला सांगते आहे की, जिना मी चढते, तू आकडा उतरवू नकोस.

दादा