थंडी खालून येते

बाबा,

गेल्या आठवड्यात तुमची नात आमच्या हौगांगच्या फ्लॅटमध्ये, हॉलच्या मधोमध, डोक्यावर पंखा गरगरत असताना, अंगात लोकरीची बनियन, त्यावर शर्ट, त्यावर स्वेटर आणि त्यावर पिसं भरलेलं जाडजूड जाकीट घालून उभी होती. बाहेर विषुववृत्ताजवळच्या या बेटावरचं नेहमीचं दमट ऊन. तिच्या कपाळावरून घाम निथळत होता आणि मी तिच्याभोवती फिरून मनगट, मान, कंबर कुठे उघडी राहत नाही ना ते बघत होते. "आई, सीरियसली, सो हॉट लाह! काढू का, कॅन ऑर नॉट?" मी म्हटलं, थांब जरा, खाली बसून दाखव. बसल्यावर पाठ उघडी पडते का बघू दे. ती बसली आणि माझ्याकडे बघत म्हणाली, "तुला हे सगळं कुणी शिकवलं? तू तर थंडीला घाबरतेस." तेव्हापासून तुमच्याशी बोलायचं मनात आहे.

तुम्ही तिला पाहिलं नाहीत, ती यायच्या आधीच तुम्ही गेलात. सतरा वर्षांची आहे, तुमच्यासारखीच उंच आणि तुमच्यासारखंच तिला पाखरांचं वेड. ते कुठून आलं, मला माहीत नाही. मी काही तिला लावलेलं नाही. इथल्या खाडीकाठी पाखरं बघायला बांधलेल्या लाकडी लपणात ती रविवारी जाऊन बसते, कपाळाला घामोळं घेऊन परत येते. आता कॉलेजच्या मुलांबरोबर जपानला, होक्काइडोला निघाली होती. तिथे बर्फात क्रौंच उतरतात म्हणे, आणि ते बघायला पहाटेपासून लपणात बसायचं. जन्मापासून जिनं थंडी म्हणून फक्त एमआरटीच्या गाडीतला आणि मॉलमधला एसी पाहिला, ती बर्फात बसणार. तिचा बाबा म्हणाला, जपानी लोक आहेत, सगळी सोय असेल, हीटर असेल. मी सेरंगून रोडच्या त्या रात्रंदिवस उघड्या देशी दुकानात गेले आणि गूळ घेऊन आले.

तलावावरचं ते लपण आता असेल की नाही, कुणास ठाऊक. पाटबंधारे खात्याच्या आपल्या वसाहतीतून निघालं की माळ ओलांडून अर्धा तास. जुन्या काळी शिकारी लोकांनी बदकं मारायला काठाशी खणलेला, दगडांनी बांधून काढलेला तो खड्डा. शिकार बंद झाली, बंदुका गेल्या, खड्डा राहिला. तुम्ही त्याच्या तिन्ही बाजूंना कडब्याच्या पेंढ्या उभ्या केल्या होत्या, वर ताडपत्री, आणि पाण्याच्या बाजूला हाताच्या रुंदीची एक फट. दिवसभर ऑफिसात कालव्यांचे नकाशे काढायचे आणि रविवारी पहाटे तिथे जाऊन दुर्बीण लावून बसायचं, एवढंच तुमचं चैनीचं काम होतं. आई असताना ती हसायची. म्हणायची, माझ्या सवतीला पंख आहेत.

आई पावसाळ्यात गेली. त्यानंतर आपल्या घरात काय झालं होतं, ते मला आज, स्वतःचं लेकरू वाढवल्यावर कळतंय. तुम्हाला माझ्याशी काय बोलावं ते सुचत नव्हतं आणि मी अकरा वर्षांची, मला तुम्हाला काय विचारावं ते कळत नव्हतं. तुम्ही वेणी घालायचात ती शाळेत पोहोचेपर्यंत सुटायची. जेवताना तुम्ही विचारायचात, "भाजी हवी?" आणि मी म्हणायची, "नको." बस्स. डिसेंबरात एका शनिवारी संध्याकाळी तुम्ही दाराशी बूट पुसत होतात आणि माझ्याकडे न बघताच म्हणालात, "उद्या पहाटे मी तलावावर जाणार. तू येतेस?" मला घरी एकटीला ठेवायचं कुठे हा तुमचा प्रश्न होता, हे मला तेव्हाही कळलं होतं. तरी मी उड्या मारत तयार झाले.

पहिल्या खेपेचं मात्र सगळंच चुकलं. तुम्ही मला घरातूनच दोन स्वेटर चढवलेत, आणि उजाडायच्या आत पोहोचायचं म्हणून आपण माळावरून जवळजवळ धावत गेलो. मी घामाने भिजून लपणात शिरले आणि गार दगडावर बसले. थोड्या वेळात तो घाम पाठीवर बर्फ होऊन बसला. पायाची बोटं आधी दुखली, मग नाहीशी झाली. मी दात आवळून बसले आहे. बाहेर धुकं, पाण्यावर बदकांचा कलकलाट, तुम्ही फटीला डोळे लावून अगदी हरवून गेलेले. तुम्ही वळून पाहिलंत तेव्हा माझे ओठ निळे झाले होते. मला पाठुंगळी घेऊन तुम्ही तो माळ परत कसा ओलांडलात, ते मला आठवत नाही. तुमच्या कोटाच्या कॉलरचा वास तेवढा आठवतो.

ताप उतरेना तेव्हा वसाहतीतल्या शेजारणीनं कोल्हापूरला तार केली आणि आत्या एसटीनं येऊन थडकली. तुमची थोरली बहीण, तुम्ही जिच्यापुढे आयुष्यभर धाकटे राहिलात. मी आतल्या खोलीत पांघरुणात होते आणि स्वयंपाकघरातलं सगळं ऐकू येत होतं.

"आई नसलेली पोर, आणि तू तिला पहाटेच्या थंडीत खड्ड्यात नेऊन बसवलंस?"

स्टोव्हचा आवाज तेवढा येत होता.

"ते काही नाही. संक्रांत झाली की मी हिला कोल्हापूरला नेते. तिथं माझ्या सुना आहेत, पोरं आहेत. घर म्हणून काही आहे. तुला स्वतःचं बघता येत नाही, तू हिचं काय बघणार?"

मग तुम्ही म्हणालात, "अक्का, चहा उतू चाललाय."

मी उशीत तोंड खुपसून हसले आणि मग रडले.

त्यानंतरचे दिवस मला फार स्पष्ट आठवतात. आत्या स्वयंपाकघर ताब्यात घेऊन बसलेली. तुम्ही ऑफिसला जायच्या आधी पहाटे एकटेच लपणात जाऊन येता आहात, दुर्बीण न घेता. आत्या म्हणायची, याच्या डोक्यावर परिणाम झालाय. मी विचारलं तेव्हा तुम्ही माझ्या खाटेशी उकिडवे बसून मला सांगितलंत, नकाशा समजावून सांगावा तसं: "आपलं चुकलं कुठे ते बघत होतो. थंडी वाऱ्यानं येते असं मला वाटत होतं. तशी ती येतेच. पण जास्त खालून येते, दगडातून. आणि घामातून." एवढं सलग आई गेल्यावर तुम्ही माझ्याशी पहिल्यांदा बोललात.

मग तुम्ही कामाला लागलात. गोणपाटात कडबा चेपून जाड गादी केलीत. जुनं घोंगडं दुमडून, दाभणानं शिवून त्याची एक पिशवी केलीत, मला छातीपर्यंत आत शिरता येईल एवढी. टाके कसले सरळ होते! नकाशातल्या रेघांसारखे. आत्या चष्म्याच्या वरून बघत होती. शेवटी न राहवून म्हणाली, "काठाला दुहेरी टाका घाल. उसवेल." आईच्या आजारपणातली शेकायची रबरी पिशवी कपाटात वरच्या फळीवर होती. तुम्ही ती काढलीत, हातात घेऊन नुसते उभे राहिलात, परत ठेवलीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा काढलीत, धुतलीत, गरम पाणी भरून गळते का ते बघितलंत.

आणि मग तुम्ही आत्याला म्हणालात, "अक्का, तू एकदा आमच्याबरोबर ये. मग हिला खुशाल घेऊन जा."

"मी? त्या खड्ड्यात?"

"एकदाच."

मला वाटलं ती तुम्हाला लाटण्यानं मारील. पण रविवारी पहाटे नऊवारीवर तुमचा ऑफिसचा कोट, डोक्याला मफलर आणि पायात तुमचे मोजे चढवून ती दारात उभी होती. तुम्ही आम्हा दोघींना स्वेटर घालू दिले नाहीत, ते पिशवीत भरून घेतलेत. "चालताना थोडी थंडी वाजली पाहिजे," म्हणालात. आत्या माळभर कुरकुरत होती आणि तुम्ही मुद्दाम सावकाश चालत होतात. लपणात शिरल्यावर आधी आम्हाला कोरडे मोजे घालायला लावलेत, मग स्वेटर, स्वेटरच्या आत वर्तमानपत्राची घडी, मग कानटोपी. मला घोंगड्याच्या पिशवीत उतरवलंत आणि पोटाशी रबरी पिशवी दिलीत. वाऱ्याच्या बाजूला कडबा दुप्पट झाला होता. तोंडात गूळ-शेंगदाण्याचा लाडू कोंबून तुम्ही कुजबुजलात, "चावत राहायचं. पोट कामात असलं की अंग तापतं. आणि बोटं हलवत राहा, बुटातल्या बुटात."

मी ऊबदार होते, बाबा. बाहेर गवतावर दव गोठायच्या बेतात होतं आणि मी त्या पिशवीत दुलईत असावी तशी. एका बाजूला तुमचा दंड, दुसऱ्या बाजूला आत्याची मांडी. आत्या आधी पुटपुटत होती, "कुठायत रे तुझी पाखरं? मला तर नुसतं धुकं दिसतंय." तुम्ही ओठांवर बोट ठेवलंत. मग तिची मान कलली. आणि मग, उजेड फुटत असताना, डोक्यावर काळ्या पट्ट्यांचे ते मोठे हंस एकामागून एक पाण्यावर उतरत असताना, आत्या घोरायला लागली.

तुम्ही माझ्याकडे बघितलंत, मी तुमच्याकडे. हंसांना काही पडलेली नव्हती. ते अगदी जवळ, काठच्या चिखलापर्यंत आले. आत्या घोरते आहे, हंस चरताहेत, आणि आपण दोघं हसू दाबता दाबता इतके हललो की कडब्याची एक पेंढी आडवी झाली. तुमच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. ते नुसतं हसण्याचं नव्हतं, आणि माझंही नव्हतं. तुम्ही घोंगड्यावरून मला जवळ ओढलंत आणि तसेच बसून राहिलात.

उन्हं आल्यावर आत्या जागी झाली. "किती वेळ झोपले रे?"

"बराच वेळ."

तिनं पदरानं तोंड पुसलं. "हिची आई गेल्यापासून अशी झोप लागली नव्हती," ती म्हणाली. मग माझ्या पिशवीत हात घालून तिनं माझी पावलं चाचपली, आधी एक, मग दुसरं. बराच वेळ धरून ठेवली. घरी परतताना ती पुढे आणि आपण मागे. वसाहतीच्या फाटकाशी येऊन ती थांबली आणि तुमच्याकडे न बघता म्हणाली, "परीक्षा होऊ दे हिची. मग बघू." परीक्षा झाली, पुढचीही झाली. कोल्हापूरचं नाव तिनं पुन्हा काढलं नाही. दर हिवाळ्यात शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा मात्र एसटीनं यायचा.

त्यानंतरचे सगळे हिवाळे आपण तिथे काढले, मी कॉलेजला जाईपर्यंत. लपणात मोठ्यानं बोलायचं नाही, म्हणून आपल्याला बोलता आलं. माझ्या कपड्याला पहिल्यांदा डाग लागल्याचं मी तुम्हाला तिथे सांगितलं, फटीतून पाण्याकडे बघत. आई शेवटी काय म्हणाली ते तुम्ही मला तिथे सांगितलंत. पुण्याला शिकायला जायचंय हेही तिथेच, आणि तुम्ही म्हणालात, "जा. सुट्टीत ये, म्हणजे झालं." नंतर घरीसुद्धा आपण हळूच बोलायला लागलो होतो. शेजारणीला वाटायचं घरात कुणी आजारी आहे.

हे मी तुमच्या नातीला सांगितलं, सगळं नाही, पण आत्याच्या घोरण्याचं सांगितलं. ती हसून हसून सोफ्यावर आडवी झाली. मग उठली, जाकीट काढलं आणि बॅगेत सगळ्यात वर ठेवलं. "चालताना नाही घालायचं. गॉट इट," म्हणाली. लाडू तिनं आधी नको म्हटले होते. निघताना डबा स्वतःच मागून घेतला.

आज मी तांजोंग पगारच्या ऑफिसात, त्या एसीच्या गारठ्यात शाल पांघरून महिनाअखेरचे हिशोब बघत होते आणि फोन थरथरला. तिचा आवाज रेकॉर्ड करून पाठवलेला. मी बाहेर जिन्यात जाऊन ऐकला. वारा, कुठेतरी दूर क्रौंचांची तुतारीसारखी हाक, आणि अगदी तोंडाशी फोन धरून कुजबुज: "आई, इट्स ओके. मला थंडी नाही वाजत. माझी फ्रेंड फ्रीझ होतेय, मी तिला माझ्या मॅटवर घेतलंय. दे आर सो क्लोज, आई." मग नुसता तिचा श्वास, आणि संपलं.

मी ते जिन्यात उभी राहून पुन्हा पुन्हा ऐकलं. एक चिनी सहकारी जाताना "ओके, अर?" विचारून गेला, मी मान हलवली. तिची कुजबुज तुमच्यासारखी आहे. शब्द सगळे वेगळे, पण श्वास घेऊन मग बोलणं, आणि वाक्याच्या शेवटी आवाज जवळजवळ विझवणं, हुबेहूब तुमचं. मग मी तुमचा आवाज आठवायला लागले. नेहमीचा, मोठा. तुम्ही मला अंगणातून हाक मारत असाल, पोस्टमनशी बोलत असाल, आईच्या थट्टेवर हसत असाल. शेजारीण म्हणायची, आई असताना तुमचं हसणं चार क्वार्टर्स पलीकडे ऐकू यायचं. म्हणजे मीही ते ऐकलेलं असणारच.

बाबा, मला तुमचा आवाज आठवत नाही. फक्त कुजबुज आठवते. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.