नत्थुजी पोळ्याआधी गेले की नंतर

तीर्थरूप भगवंतमामा, मुक्काम वलगाव, यांच्या पायी भाचा खुशालचा दंडवत. इकडे घरची सारी धडधाकट आहेत, तिकडेही तसेच असेल असे धरून चालतो. मामींच्या गुडघ्याला तेल लावणे चालू असावे. बैलजोडीची तब्येत सविस्तर कळवावी (माणसांची थोडक्यात कळवली तरी चालेल).

आपण विचारले होते, मैनाबाईशी चाललेला पट्टीचा वाद कुठवर आला. ती पट्टी म्हणजे आमच्या अन् तिच्या वावरांच्या मधली, नाल्याकाठची. काल-परवापर्यंत तिच्यात बाभळी होत्या अन् गावची गाढवे. मग सातासमुद्रापार कोण्या मुलखात लढाई जुंपली, तिथला कापूस अडला, आणि आपल्या काळ्या मातीला असा भाव आला की लोक ढेकूळही उचलून पाहू लागले. मैनाबाईने बाभळी तोडल्या, मुळ्या खणून काढल्या अन् पट्टीत कापसाची पराटी लावली. एकटी विधवा बाई, आणि हौस पाहा! तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आले की पट्टी आमची आहे. गावच्या पंचांनी ती तिलाच दिली (गावचे पंच, त्यांना काय कळते). मग मी वर गेलो.

वर म्हणजे परगण्याची थोर पंचायत. पाच पंच, एकदा बसले की मरेपर्यंत उठत नाहीत, आणि त्यांच्या निवाड्याच्या वर फक्त आभाळ. जागा रिकामी झाली की नवा पंच नेमायचा मान देशमुखांचा, अन् देशमुखी दोन घरांत वाटलेली: एक साल थोरल्या घराकडे, एक साल आमच्या धाकट्या घराकडे. पाळी बदलते पोळ्याला. ज्या घराचे साल लागणार त्याचा बैल तोरणाखालून गेला की मान त्यांचा. प्रत्येक पंच बसताना बेलभंडार उचलून शपथ घेतो की मी कोणाचा नाही, अन् मग ज्याने नेमले त्याच्याच मांडीला मांडी लावून बसतो. दोघे थोरल्यांचे, दोघे धाकट्यांचे, आणि पाचवे नत्थुजी, तेही थोरल्यांचेच. नत्थुजींचा कल मैनाबाईकडे. न्याय पाहून म्हणाल, तर छे! तिचा नवरा थोरल्या घराच्या गाड्या हाकायचा, म्हणून. असला पक्षपात पाहिला की माझ्या अंगाचा नुसता भडका उडतो. आमच्या बाजूचे दोघे मात्र सरळ माणसे. त्यांनी पट्टी न पाहताच माझे खरे आहे हे ओळखले.

तर श्रावण लागला अन् नत्थुजींनी अंथरूण धरले. पोळ्यापर्यंत पाळी आमची, पोळ्यानंतर थोरल्यांची. म्हणजे पोळ्याआधी गेले तर जागा आम्ही भरणार, नंतर गेले तर ते. थोरल्यांनी लगोलग अकोटाहून हकीम अब्दुल रहीम आणवले अन् नत्थुजींच्या ओसरीतच त्यांची बाज टाकली. आम्हीही मायेला कमी पडलो नाही. हकीम पेज सांगून नमाजाला गेले की आम्ही उडदाच्या वड्यांची परात घेऊन आत. आमच्या देशमुखांच्या घरची आशाबाई तर पुरणपोळीवर तूप अशा हाताने वाढायची की मला माझ्या लग्नातही तसे मिळाले नव्हते. एक दिवस म्हाताऱ्याने मला जवळ बोलावले आणि म्हणाला, "खुशाल, जिंदगीभर मले कोनी इतकं इचारलं नाई. आता एक घर मले मरू देत नाई, अन् दुसरं जगू देत नाई. ठेव ते वडे तिथं." वाईट वाटले हो मामा. वडे मात्र ठेवले.

पोळ्याच्या दिवशी गावाबाहेर, गुरे जमतात त्या आखरावर सारा परगणा लोटला होता. यंदा कापसाच्या कृपेने बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या. थोरल्यांचा बैल तोरणाखाली शिरला, अन् तेवढ्यात नत्थुजींची सून सुभद्रा धावत आली, म्हातारा गेला म्हणून. बैल बुजून जागीच थांबला. तोंड तोरणाच्या पलीकडे, शेपूट अलीकडे! आमच्या महादेवराव देशमुखांनी तिथल्या तिथे माझे नाव पुकारले. थोरले म्हणाले, पाळी आमची झाली. त्या हमरीतुमरीत नत्थुजींना खांदा द्यायला संध्याकाळपर्यंत एक माणूस मोकळा नव्हता.

वाद अर्थातच थोर पंचायतीपुढे आला. थोरल्यांचे दोघे म्हणाले, तोंड गेले म्हणजे बैल गेला. आमचे दोघे म्हणाले, शेपूट जाईपर्यंत बैल गेला नाही (मागल्या पोळ्याला आमचा बैल जाताना हेच दोघे उलटे बोलले होते, पण तो बैल वेगळा होता). दोन इकडे, दोन तिकडे. पाचवा बसल्याशिवाय निवाडा होत नाही, अन् पाचव्या जागेवर नाव पुकारलेला मीच. तेव्हा मी बेलभंडार उचलला, कोणाचा नाही अशी शपथ घेतली, दोन्ही बाजू ऐकल्या, विडा संपेपर्यंत विचार केला, आणि मी पंच झालो आहे असा निवाडा दिला. मी काही माझा नातेवाईक नाही, त्यामुळे पक्षपाताचा प्रश्नच आला नाही.

दुसऱ्या दिवशी मैनाबाई दारात येऊन उभी. म्हणाली, "खुशालभाऊ, भांडनारे तुमी, अन् पंचबी तुमीच. आता मी दाद कोनाले मागू?" मी शांतपणे सांगितले, बाई, माझ्याकडे माग, मी सर्वांचे ऐकतो. ती रडली नाही, भांडली नाही. विळा घेऊन पट्टीत निंदायला निघून गेली. मला फार लागले. इतक्या सरळ माणसाच्या न्यायावर शंका घ्यावी!

मामींना नमस्कार, लेकरांना पोटभर आशीर्वाद. लोभ आहेच, तो पंच झालो म्हणून कमी होणार नाही.

आपला भाचा,
खुशाल

ता. क. पट्टी पिढ्यानपिढ्या आमची, असे सांगणारा एक साक्षीदार पाहिजे. आपणच यावे. आपण ती पट्टी कधी डोळ्यांनी पाहिलेली नाही हे मला ठाऊक आहे. म्हणूनच आपल्याइतका निःपक्षपाती माणूस दुसरा मिळायचा नाही.

पुन्हा ता. क. येताना गाडी रिकामी आणावी. बाईने पट्टीची निगा चांगली राखली आहे, बोंडे टपोरी धरली आहेत. आम्ही निवाडा वेचणीच्या आदल्या दिवशी ठेवला आहे.