छत्तीसगडच्या वाट्याला गेलेले जेट विमान परत मिळणेबाबत

प्रति,
मा. विशेष अधिकारी,
जंगम मालमत्ता वाटप कक्ष (राज्य पुनर्रचना),
लष्कर, ग्वाल्हेर.

अर्जदार : भालचंद्र गोपाळकृष्ण टोकेकर, निवृत्त अधिव्याख्याता (यंत्र अभियांत्रिकी), रा. माधवगंज, लष्कर, ग्वाल्हेर.

विषय : गणेशोत्सवाच्या आराशीसाठी दिलेले, स्वहस्ते बांधलेले व अद्याप एकदाही न उडालेले जेट विमान (मूळ विमानाच्या चौथाई आकाराचे) रायपूरला रवाना होण्यापूर्वी परत मिळणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचे हिंदीतील तीन अर्ज.
२) आपल्या कक्षाचे दि. ११ जानेवारी २००१ चे पत्र, विषय : 'वस्तु विमान नहीं है, यह प्रमाणित करने बाबत'.

महोदय,

१. प्रथम भाषेविषयी खुलासा करणे अर्जदारास आवश्यक वाटते. यापूर्वीचे तिन्ही अर्ज त्याने हिंदीत केले होते. ते आपल्या कक्षात इतक्या सहजतेने वाचले गेले की विषयात 'रायपूर' हा शब्द दिसताक्षणी तिन्ही रायपूरला अग्रेषित झाले, आणि 'वस्तू अद्याप ग्वाल्हेरातच आहे' असा शेरा घेऊन तिन्ही परत आले. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५० अन्वये नागरिकास आपले गाऱ्हाणे संघराज्यात वा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत मांडता येते. मराठी अर्ज कोणाला तरी थांबून, खुर्ची ओढून वाचावा लागेल, एवढाच अर्जदाराचा यात स्वार्थ आहे. आपले आजोळ येथल्या गोरखी भागातल्या मराठी वस्तीतले असल्याचे कळले. तेव्हा तो 'कोणीतरी' म्हणजे आपणच, असे धरून तो पुढे लिहीत आहे.

२. सदर विमान हे साठच्या दशकातील 'नॅट' या लहान लढाऊ विमानाची प्रतिकृती आहे. धड काचतंतूचे, पंख हलक्या फोमवर लाकडाचा पातळ पापुद्रा चढवून केलेले, आणि पोटात थर्मासएवढे खरेखुरे टर्बाइन इंजिन, जे अर्जदाराच्या पुतण्याने जर्मनीहून आणून दिले. ते रॉकेलवर चालते, जमिनीवरून रेडिओने हाकता येते, आणि सुरू झाले की माधवगंजातील कुत्री पाटणकर बाजाराकडे निघतात. रॉकेलबाबत अर्जदाराच्या पत्नी सौ. पद्मा यांचे "स्टोव्हला नाही म्हणता आणि विमानाला मात्र आहे!" हे उद्गार शेजाऱ्यांनी ऐकले असल्याने ते येथे लपवीत नाही.

३. हे विमान अर्जदाराने एकट्याने बांधलेले नाही. शेजारी श्री. संभाजीराव इंगळे हे वायुदलातून निवृत्त झालेले फिटर होत. घराणे पिढीजात शिपाईगिरीचे. तारुण्यात त्यांनी खऱ्या नॅटवर हात काळे केले. गणित, साचे व इंजिन अर्जदाराकडे, आणि विमान विमानासारखे दिसणे संभाजीरावांकडे, अशी वाटणी होती. पंखांवरील प्रत्येक रिव्हेट त्यांनी इंजेक्शनच्या सुईतून सरसाचा थेंब सोडून उठवला. एवढ्या सुया पाहून औषधाच्या दुकानदाराने अर्जदाराला एकदा बाजूला घेऊन आस्थेने संभाजीरावांच्या तब्येतीची चौकशी केली होती. रंग देऊन झाल्यावर त्यांनी चकचकीत विमान पुन्हा मळवण्यास घेतले. धुराड्याशी काजळी, झडपेमागे तेलाचा ओघळ, वैमानिक जेथे पाय देतो तेथे रंग उडालेला. सौ. पद्मा म्हणाल्या, "भाऊजी, नवं करायचं आणि मग घाण करायचं, मग माझ्या भांड्यांनी काय पाप केलंय?" संभाजीराव म्हणाले, "वहिनी, भांडी उडत नाहीत." यावर सौ. पद्मा यांनी पुढील काही दिवस भांडी उडूही शकतात हे दाखवून दिले.

४. हे सर्व तातडीचे का, ते येथेच सांगतो. संभाजीरावांना काचबिंदू आहे. बाजूचे दिसेनासे झाले असून आता नळीतून पाहावे तसे समोरचे तेवढे दिसते, आणि तेथेही अक्षर लागत नाही. डॉक्टरांनी मुदत सांगितली नाही. "जे बघायचं ते बघून घ्या," एवढेच म्हणाले. संभाजीरावांनी घरी येऊन अर्जदाराला सांगितले, "मास्तर, ताजमहाल दोनदा पाहिलाय. नॅट उडताना पाहायचाय." दिवाळीनंतर हवा निवळली की शहराबाहेरच्या मैदानावर पहिले उड्डाण करावयाचे ठरले होते, व त्यासाठी लागणारी परवानगी हाती आली होती.

५. आता विमान शासनाच्या ताब्यात गेले कसे. एका शासकीय कार्यालयाच्या आवारात कर्मचाऱ्यांचा गणेशोत्सव होतो. उत्सवाच्या चिटणीस श्रीमती लीलाताई यांनी अर्जदाराकडे येऊन सांगितले, "बाप्पाला उंदरावर बसवून बसवून कंटाळा आला हो. यंदा जेटनं आणू." सरदारी काळापासून येथल्या मराठी मंडळींत आराशीला घरची वस्तू मागितली की नाही म्हणत नाहीत. लोकांनी हत्तीची झूल दिली आहे, पालखी दिली आहे, एकाने सासरेबुवा दिले होते, ते दहा दिवस वाल्मीकी होऊन बसले. अर्जदाराने विमान दिले. पावती घेतली नाही, कारण बाप्पाकडून पावती कोणी घेत नाही. श्रींची मूर्ती पंखाशेजारी शिडीवर, जणू नुकतीच उतरलेली. आसनाखाली मोदकांचे तबक. आणि उंदीर धावपट्टीवर झेंडी दाखवीत उभा. दर्शनाला गर्दी लोटली, हे विनम्रपणे नमूद करतो.

६. विसर्जनानंतर आराशीचे सामान नेहमीप्रमाणे कार्यालयाच्या भांडारात ठेवण्यात आले. घरी दिवाळीची रंगरंगोटी निघाली असल्याने विमानही तेथेच कोरडे व सुरक्षित राहील असा विचार अर्जदाराने केला. नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला मध्य प्रदेशाचे दोन भाग झाले. भांडाराला कुलूप पडले आणि आत असेल ते सर्व वाटपास पात्र ठरले. उत्सवाच्या सतरंज्या लोकसंख्येच्या प्रमाणात विभागल्या. आरतीच्या झांजांची जोडी हे दोन नग धरून एक झांज जुन्या राज्यास व एक नव्या राज्यास देण्यात आली. याबद्दल लीलाताई स्वतंत्र अर्ज करीत असून त्यांची भाषा प्रस्तुत अर्जापेक्षा मोकळी आहे. विमान अविभाज्य असल्याने, आणि जुन्या राज्याकडे 'विमान' या सदरात आधीच नोंद असून नव्या राज्याच्या सदरात शून्य असल्याने, ते छत्तीसगडच्या वाट्यास गेले.

७. अर्जदार पहिल्यांदा भांडारात गेला तेव्हा इंजिनाची पावती व सांगाड्याची छायाचित्रे घेऊन गेला होता. प्रकरण तेथेच मिटावयास हवे होते. ते न मिटण्यास कक्षाचा दोष नाही. दोष अर्जदार व संभाजीराव यांच्या काटेकोरपणाचा आहे. संभाजीराव ज्या मूळ विमानावर काम करीत, त्याच्या शेपटीखालच्या झडपेवर तेथल्या कोणा अतिउत्साही भांडारपालाने 'भारत सरकार की सम्पत्ति' असा छाप मारला होता. इतर कोणत्याही विमानावर तो नव्हता. म्हणून तर संभाजीरावांना तो हवा होता. अर्जदाराने विचारले, "हे कोण बघणार?" ते म्हणाले, "कोणी नाही बघणार. पण होतं ना?" या प्रश्नाला यंत्र अभियांत्रिकीत उत्तर नाही. तेव्हा तोही छाप चौथाई आकारात, मोहरीएवढ्या अक्षरांत उठवण्यात आला.

ती अक्षरे भिंगाशिवाय वाचता येत नाहीत. भांडारपाल महोदयांनी भिंग मागवले. विमानाखाली पाठीवर पडून, एक डोळा मिटून त्यांनी ती वाचली, उठून कपडे झटकले, आणि हात जोडून म्हणाले, "टोकेकर साहब, चीज़ खुद कह रही है कि मैं सरकारी हूँ। अब हम किसकी मानें, आपकी या चीज़ की?"

८. पुढील पाहणीत आसनात बसलेल्या वैमानिकाची नोंद 'वैमानिक, एक, उपस्थित. विचारणेस उत्तर देत नाही' अशी झाली. हा वैमानिक सौ. पद्मा यांनी जुन्या परकराच्या कापडाचा गणवेश शिवून केलेला बाहुला आहे व त्याच्या मिशा संभाजीरावांवरून घेतल्या आहेत. त्याच्या नावे कोणत्या राज्याच्या सेवेत जाणार याचा विकल्प भरून देण्याची नोटीस निघाली. मुदतीत उत्तर न आल्याने त्याने मूक संमतीने छत्तीसगड पत्करल्याचे गृहीत धरण्यात आले आहे. या मुद्द्यावर अर्जदार वाद घालू इच्छीत नाही. आपल्या कित्येक हाडामांसाच्या कर्मचाऱ्यांचेही याच रीतीने झाले आहे, आणि ते बाहुल्याइतके स्वस्थ नाहीत.

दुसऱ्या अर्जात अर्जदाराने असाही युक्तिवाद केला होता की छाप खराच मानला तरी त्यावर भारत सरकारचे नाव आहे, सबब विमान दोन्ही राज्यांपैकी कोणाचेच नाही. तो अर्ज टपालात टाकल्यावर, यामुळे तिसरा हक्कदार उत्पन्न होतो हे त्याच्या ध्यानी आले. तो युक्तिवाद अर्जदार याद्वारे मागे घेत आहे. दिल्लीस काही कळवले असल्यास कृपया कळवल्याचे विसरावे.

९. संदर्भ क्र. २ च्या पत्राने मात्र आपण वाट दाखवली, याबद्दल अर्जदार आभारी आहे. पत्राचा आशय असा की, सदर वस्तू विमान नसून खेळणे आहे असे प्रतिज्ञापत्र दोन्ही बांधणाऱ्यांनी सही करून दिल्यास ती 'विमान' या सदरातून वगळता येईल, आणि खेळण्यांचे वाटप करण्याचे अधिकार कोणासच नसल्याने ती मालकांस परत करता येईल. उपाय सोपा होता. अर्जदार आनंदाने पत्र घेऊन शेजारी गेला व मोठ्याने वाचून दाखवले.

संभाजीरावांनी पूर्ण ऐकून घेतले. मग म्हणाले, "मास्तर, खेळणं म्हणून सही करू मी? मग जाऊ द्या रायपूरला. तिथे कमसे कम विमान म्हणून तर राहील."

अर्जदाराने सांगितले, की केवळ कागद आहे.

"सगळं कागदच असतं. मला फौजेतून सोडलं ते पण कागदावरच. एवढ्या मेहनतीनं काढलेलं विमान, आणि खाली माझंच नाव, की हे विमान नाही?"

अर्जदाराने त्यांना डोळ्यांची आठवण करून दिली. ही गोष्ट करावयास नको होती. ते उठून आत गेले.

१०. सौ. पद्मा यांनी त्या संध्याकाळी वेगळा मार्ग सुचवला. "त्यांना वाचता येत नाही ना आता? गॅसचा कागद आहे म्हणा आणि ठेवा पुढे. भांडा मग आयुष्यभर, पण विमान तर उडेल." त्या हे मायेने म्हणाल्या, हे आपण जाणालच. अर्जदाराने प्रतिज्ञापत्र टंकलिखित करून घेतले आणि घेऊन तो शेजारी गेलाही. संभाजीराव अंगणात उन्हात बसून ब्रशाचे केस बोटांनी चाचपून सरळ करीत होते. त्यांनी विचारले, "काय आणलंय?" अर्जदार म्हणाला, "काही नाही, वर्तमानपत्र." आणि संपूर्ण दुपार त्याने त्यांना वर्तमानपत्रातले म्हणून मनातलेच काहीबाही वाचून दाखवले.

त्यांच्याकडून फसवून सही घेणे अर्जदाराला जमले नाही. त्यांच्या पाठीमागे स्वतः सही करणे मात्र जमले. या दोहोंत फरक आहे असे अर्जदार मानतो. फार नाही, पण आहे.

११. करिता सविनय विनंती, की :

(अ) सोबतचे प्रतिज्ञापत्र एकाच सहीवर स्वीकारावे. जो कागद मनुष्यास वाचता येत नाही त्यावर त्याची सही मागणे कोणत्याही नियमात बसत नसावे, आणि बसत असल्यास तो नियम रायपूरला पाठवावा.

(ब) प्रतिज्ञापत्रातील 'खेळणे' हा शब्द केवळ कक्षाच्या उपयोगासाठी असून श्री. इंगळे यांस त्याची प्रत, सूचना वा पोच देऊ नये.

(क) वैमानिकास छत्तीसगडच्या सेवेतून मुक्त करावे.

(ड) विमान नेण्यास अर्जदार श्री. इंगळे यांना सोबत घेऊन येईल. त्यांना घरी ठेवून येणे शक्य नाही, कारण पंख धडापासून कसे सोडवायचे हे त्यांच्याच हातांना ठाऊक आहे. त्यांना पावतीवरील अक्षरे दिसणार नाहीत, परंतु कान शाबूत आहेत. कक्षाने आपल्या दोघांचे म्हणणे मान्य केले, एवढेच अर्जदाराने त्यांना आगाऊ सांगून ठेवले आहे. कोणते म्हणणे, ते त्यांनी विचारलेले नाही. तेव्हा त्या दिवशी भांडारातील सर्व मंडळींना, विशेषतः भांडारपाल महोदयांना, आगाऊ समज द्यावी, की 'खिलौना' हा शब्द कोणी उच्चारू नये. कुलूप उघडताना कोणीतरी जरा मोठ्याने एवढेच म्हणावे, "ले जाइए साहब, अपना विमान ले जाइए।" पुढचे सर्व अर्जदार पाहून घेईल.

आपल्या होकाराच्या प्रतीक्षेत,
नम्र,

(भालचंद्र गोपाळकृष्ण टोकेकर)
माधवगंज, लष्कर, ग्वाल्हेर
दि. २२ जानेवारी २००१

सोबत :
१. इंजिन खरेदीची पावती.
२. अपूर्ण अवस्थेतील विमानाची छायाचित्रे.
३. प्रतिज्ञापत्र, एका सहीचे (बंद पाकिटात, कृपया उघडताना मोठ्याने वाचू नये).